फटफटीवरून तीनचाकीवर: हातापायांच्या जुन्या सवयींचं काय करायचं?

तापीकाठ (यावल तालुका):

राम राम मंडळी. मधुमेहामुळे माझा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्याआधीची सगळी हयात आधी राजदूत आणि मग स्प्लेंडरवर गेली. केळीच्या बागेत जाणं, फैजपूरचा बाजार, भुसावळला स्टेशनवर कुणाला सोडणं-आणणं, सगळं दुचाकीवर. आता जयपूर फूट आहे आणि गिअरलेस स्कूटरला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडचाक बसवून घेतलंय. हिलाच आम्ही तीनचाकी म्हणतो. रोज चालवतो.

धागा एवढ्यासाठी काढला की आमच्याकडे अशी गाडी घेणारे वाढलेत आणि त्यांना सांगितलं जातं, "बसा नि चालवा, आता पडायची भीतीच नाही." हे अर्धंच खरं आहे. ज्याने कधी दुचाकी चालवलीच नाही तो लवकर शिकतो. ज्याच्या अंगात दुचाकी मुरली आहे त्याला मात्र आधी बरंच काही विसरावं लागतं. ही आधार लावलेली दुचाकी नाही, हे वेगळंच वाहन आहे. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं जातं.

पहिला फरक वळणाचा. दुचाकीवर वेगात डावीकडे वळताना आपण नकळत डावं हँडल किंचित पुढे ढकलतो. त्याने गाडी डावीकडे झुकते आणि वळते. हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप करतात. तीनचाकीला झुकणंच नाही. तिथे डावं हँडल पुढे ढकललं की पुढचं चाक सरळ उजवीकडे फिरतं, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या अंगावर. डावीकडे जायचं तर हँडल डावीकडेच फिरवायचं, म्हणजे उजवा हात पुढे आणि डावा मागे. बैलगाडीची धुरा वळवावी तसं. मोकळ्या मैदानात हे सोपं वाटतं. पण समोर अचानक कुत्रं आलं की हात जुन्या सवयीने चालतात, म्हणून नवी सवय हातात बसेपर्यंत रस्त्यावर येऊच नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरा फरक पायाचा. थांबताना पाय खाली टेकवणं दुचाकीवाल्याच्या रक्तात असतं. इथे पायाच्या मागेच जोडचाक आहे. गाडी सरकत असताना पाय खाली गेला की टाच चाकाखाली सापडते. थांबली तरी पाय फूटबोर्डवरच ठेवायचे. माझ्या कृत्रिम पावलाला तर जाणीवच नाही, म्हणून फूटबोर्डवर रुंद पट्टा लावून घेतलाय. पट्टा सैल हवा, ओढला की सुटणारा, बांधून टाकणारा नको.

तिसरा फरक खड्ड्यांचा, पण त्यावर सवडीने लिहितो. तुमचे अनुभव सांगा.


गिरणेचा_पोर (भडगाव):

आबा, फार मोलाचं लिहिलंत. आमच्या बापूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला, आता डावी बाजू थोडी कमजोर आहे. चालतात, बोलतात, सगळं व्यवस्थित, फक्त दुचाकीचा तोल राहत नाही. शेत गावापासून दोन-अडीच किलोमीटर. तीनचाकी घ्यावी असं घरात ठरतंय. ते झुकणं-न झुकणं अजून नीट कळलं नाही. वळताना आपणही झुकायचं नाही का?


तापीकाठ:

आपण झुकायचं, गाडी झुकत नाही. दुचाकीवर आपण गाडीसोबत एका रेषेत असतो, त्यामुळे वळणावर बाहेर फेकल्यासारखं वाटत नाही. तीनचाकीवर गाडी सपाट राहते आणि आपलं धड बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. डावीकडे वळताना डावा खांदा थोडा पुढे आणि आत न्यायचा, बूड सीटवर घट्ट. हँडलला लोंबकळून तोल धरायचा नाही. हँडलवर भार टाकला की तेच हँडल नको तिकडे फिरतं.

बापूंचा डावा हात पकडायला कसा आहे ते आधी बघा. गिअरलेस स्कूटरला मागचा ब्रेक डाव्या हातात असतो.


सातपुडा_रायडर (शहादा):

मला वाटतं आपण फार अवघड करून सांगतोय. परदेशात तीनचाकी मोटारसायकली मजेसाठी घेतात. हार्ले डेव्हिडसनची सर्व्हि-कार १९३२ पासून १९७३ पर्यंत बनत होती, तिकडचे पोलीस आणि गॅरेजवाले वापरायचे. २००९ पासून त्यांची ट्राय ग्लाइड आहे. कॅनडाच्या कॅन-ॲम स्पायडरला पुढे दोन चाकं आणि मागे एक. पियाजिओची एमपी३ २००६ ला आली, यामाहाची निकेन २०१८ ला. म्हणजे लाखो लोक चालवतात. माझी बुलेट आहे, तिलाच मागे दोन चाकांचा ॲक्सल बसवून तोरणमाळचा घाट चढायचा विचार आहे. चार दिवसांत हात बसतो की.


पारोळ्याची_शिक्षिका:

भाऊ, तुम्ही दिलेल्या यादीतल्या गाड्या एका जातीच्या नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. एमपी३ आणि निकेन यांची पुढची दोन चाकं वळणावर दुचाकीसारखी झुकतात. त्यांना दुचाकीचीच सवय चालते. सर्व्हि-कार, ट्राय ग्लाइड आणि आपल्याकडची जोडचाकाची स्कूटर झुकत नाहीत. स्पायडर झुकत नाही, पण तिची दोन चाकं पुढे आहेत, त्यामुळे ब्रेक मारताना भार रुंद बाजूकडे जातो. आपल्याकडच्या गाडीत ब्रेक मारला की भार पुढच्या एकट्या चाकाकडे, म्हणजे अरुंद टोकाकडे जातो. वळणात ब्रेक मारू नये असं म्हणतात त्याचं कारण हे.

मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून जरा आकड्यांत सांगते. जमिनीवर तीन चाकांचे तीन ठिपके काढा आणि जोडा. त्रिकोण होतो, टोक पुढे आणि पाया मागे. गाडी आणि माणूस यांचा एकत्रित भार या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर गाडी उभी. वळताना तो भार बाहेरच्या कडेकडे सरकतो. सरकण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, गल्लीच्या कोपऱ्याहून थोडं मोठं. ताशी २० किलोमीटरला बाहेर ओढणारा जोर गुरुत्वाच्या साधारण ०.३१ पट. ताशी ३० ला तोच ०.७१ पट. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट.

आता समजा, भाराचा बिंदू जमिनीपासून ६५ सेंटिमीटर वर आहे आणि तिथून त्रिकोणाची कड बाजूला ३० सेंटिमीटरवर आहे. मग ०.४६ पटीला आतलं चाक उचललं जाणार. या वळणावर ते ताशी २४ च्या आसपास होतं. प्रत्येक गाडीचं माप वेगळं, पण २० ला अगदी स्थिर वाटणारी गाडी २५ ला चाक उचलू शकते, हे त्यातून दिसतं. दुचाकी झुकून हा जोर पोटात घेते, तीनचाकी घेत नाही. मुलांना मी ॲपे रिक्षाचं उदाहरण देते. आपल्या रस्त्यांवर ती सगळ्यांनी वळणावर डोलताना पाहिली आहे.

त्यामुळे वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच कमी करायचा आणि मग वळायचं. वळण निम्मं झाल्यावर हलकी रेस. माझे वडील अशी गाडी चालवतात आणि मी त्यांना एवढं एकच वाक्य पाठ करायला लावलं होतं.


गिरणेचा_पोर:

ताई, पहिल्यांदा नीट समजलं. बापूंना उद्या वाचून दाखवतो.


माहेर_धुळे:

मी या विषयाकडे उलट्या बाजूने आले. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे दुचाकी कधी चालवलीच नाही. कॉलेजला असताना जोडचाकं लावलेली कायनेटिक होंडा होती, नंतर ॲक्टिव्हा. त्यामुळे आबा म्हणतात ती हाताची जुनी सवय मला नव्हतीच. माझा त्रास मागे बसणाऱ्यांचा.

मागे बसणारे सगळे दुचाकीच्या सवयीचे असतात. वळण आलं की ते दुचाकीवरच्यासारखे निवांत बसून राहतात आणि मग बाहेर फेकले जातात, किंवा घाबरून माझ्या खांद्याला लटकतात. त्यांना आधीच सांगावं लागतं: बाजूची दांडी धरा, वळणाच्या आतल्या बाजूला कला, मला धरू नका.

साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसायची पद्धत तर या गाडीवर पूर्ण बंद. एक तर सगळा भार डावीकडे जातो, दुसरं म्हणजे पाय थेट जोडचाकाच्या समोर लोंबतात. पदर, ओढणी, उपरणं चाकात जाण्याची भीती दुचाकीपेक्षा जास्त आहे, कारण इथे चाकं बाहेर उघडी असतात आणि तीही दोन्ही बाजूंना. जोडचाकांवर पूर्ण मडगार्ड आणि आतल्या बाजूने जाळी लावून घ्या. मी माझ्या गाडीला लावलीच, शिवाय ओळखीच्या प्रत्येक बाईच्या गाडीला लावायला सांगते. कुणाला फाजील काळजी वाटली तरी हरकत नाही.

गाडी घेऊन मी धुळ्यातच नाही, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांच्या बाजूलाही गेले आहे. तिथल्या आडव्या वाऱ्यात दुचाकीवाले हेलकावे खात असतात आणि आपली गाडी सरळ चालते. हे सुखही लिहिलं पाहिजे. नव्याने येणाऱ्याला नुसती भीती सांगून कसं चालेल?


तापीकाठ:

ताई, जाळीचं तुम्ही फार नेमकं सांगितलं. माझ्या गाडीलाही याच आठवड्यात बसवतो.

सुखाचं म्हणाल तर मी मे महिन्यात जळगावात गेलो होतो. पंचेचाळीस अंशांत सिग्नलला उभं राहताना गाडी पायांवर तोलून धरावी लागत नाही. पोतं, खताची गोणी, केळीचा घड पुढे ठेवला तरी थांबल्यावर गाडी कलत नाही. पाय गेल्यानंतर घरात बसून दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत राहणं फार जाचत होतं. शेताची एक फेरी स्वतःच्या मर्जीने मारता येणं, त्यात सगळं आलं.

आता खड्डे. दुचाकीवर आपण एक रेघ धरून चालतो. डोळे एकच वाट शोधतात आणि खड्डा चुकवतात. तीनचाकीला तीन वाटा असतात. पुढचं चाक खड्डा चुकवतं आणि मागचं डावं त्यात उतरतं. नव्या माणसाला कळतच नाही की पुढून सुटलेला खड्डा मागून का आदळला. यावर माझा उपाय असा: खड्डा लहान असेल तर तो पुढचं चाक आणि मागचं एक चाक यांच्या मधून काढायचा. मोठा असेल तर वेग पार कमी करून सरळ उतरायचं आणि सरळ चढायचं, तिरकं नाही. गतिरोधकही सरळ, दोन्ही मागची चाकं एकाच वेळी चढतील असा. दुचाकीवाले गतिरोधकाच्या कडेची सपाट फट शोधतात. इथे त्या फटीत गेलात तर एक चाक वर, एक खाली आणि गाडी एका अंगावर.

सगळ्यात वाईट साइडपट्टी. आपल्या काळ्या जमिनीतले रस्ते दबतात, डांबराची कड आणि मुरूम यांत वीतभर उतार पडतो. समोरून ऊस किंवा केळीची गाडी आली की दुचाकीवाला सहज कडेला होतो. तुमचं डावं जोडचाक मात्र हँडलच्या बरंच बाहेर आहे, ते आधीच कडेखाली जातं. गाडीची रुंदी डोळ्यात बसवण्यासाठी मी मैदानात दोन विटा जोडचाकांच्या मापाने ठेवून मधून गाडी काढायचो, मागे न बघता. विटेला चाक लागेनासं झालं की समजायचं, माप बसलं.

आणि रस्ता मधोमध उंच, कडेला उतरता असतो. त्यामुळे गाडी सतत डावीकडे ओढते. ती बिघडलेली नसते. पण हँडल धरून हात भरून येतो, सुरुवातीला लांब जाऊ नका.


वेल्डिंगवाला_आप्पा (अमळनेर):

मी फॅब्रिकेशन करतो, जोडचाकंही बसवतो. आबांनी चालवायचं सांगितलं, मी गाडीचं सांगतो, कारण गाडी चुकीची बसवलेली असेल तर चालवणारा कितीही शहाणा असो, उपयोग नाही.

जोडचाकाच्या स्कूटरमध्ये मूळ मागचं चाक तसंच असतं आणि गाडी ओढायचं काम तेच करतं. बाजूची चाकं नुसती फिरती. म्हणजे मोजायला गेलं तर चार चाकं. त्यात खुबी एकच, भार वाटायचा कसा. बाजूची चाकं जास्त खाली बसवली तर मधलं चाक अधर होतं. खोलगट जागेत किंवा चिखलात बाजूची दोन काठावर टेकतात आणि मधलं हवेत गरगर फिरतं, गाडी जागची हलत नाही. बाजूची जास्त वर बसवली तर गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडते, वळणावर तर धडकन. म्हणून बाजूच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंग पाहिजे आणि उंची बोल्टने कमी-जास्त करता आली पाहिजे. माणूस बसल्यावर माप घ्यायचं, रिकाम्या गाडीवर नाही. ५० किलोचा माणूस आणि ९० किलोचा माणूस यांना एकच माप चालत नाही.

मूळ चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग मारू देऊ नका. पातळ नळी तापली की तिथेच पुढे तडा जातो. क्लॅम्प आणि बोल्टनं बसवलेलं किट घ्या, लॉकनट हवेत. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. बाजूची दोन्ही चाकं एकमेकांना आणि मधल्याला समांतर पाहिजेत. नसतील तर टायर एका कडेने खाऊन जातो. महिन्याला एकदा टायरवर हात फिरवून बघा, कड बोटाला लागते.

जोडचाकांना बहुतेक किटमध्ये ब्रेक नसतो. वजन वाढलं आणि ब्रेक तेच राहिले, म्हणून थांबायला अंतर जास्त लागतं. ब्रेक शू आधीपेक्षा लवकर तपासा. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून दोन्ही चाकांचा जोड ब्रेक किंवा चाक जाम न होऊ देणारा एबीएस सक्तीचा झाला. जोड ब्रेकमध्ये एक लिव्हर दाबला की पुढचं-मागचं दोन्ही लागतं. जुनी गाडी घेऊन किट लावणार असाल तर हे नसेल, त्यापेक्षा जोड ब्रेकवाली घ्या.

शहाद्याच्या भाऊंसाठी: बुलेटला मागे सरळ सळईचा ॲक्सल टाकून दोन चाकं लावली तर ती गाडी वळायला तयार होत नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच सळईवर जखडली की गाडी सरळच रेटते. त्याला दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल लागतं, जसं ॲपेत असतं. हँडल फिरवायलाही जड जातं. परदेशी किटवाले त्यासाठी पुढच्या काट्याचा कोन बदलून देतात. हे गावातल्या वर्कशॉपचं काम नाही, मी स्वतः घेत नाही.


सातपुडा_रायडर:

आप्पा, डिफरन्शियलचा मुद्दा पटला. पाठीमागे एवढं असेल असं वाटलं नव्हतं. पण समजा एखाद्याने नीट करून दिलं, तर पासिंग होईल का?


नोंदणी_नंदुरबार:

होणार नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्यापासून वेगळी होईल अशी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. अपंग व्यक्तीसाठी मात्र कायद्यात वाट आहे. पूर्वी त्याला इनव्हॅलिड कॅरेज म्हणत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अडॅप्टेड व्हेइकल. ती गाडी त्या व्यक्तीच्याच वापरासाठी असते. हौसेसाठी बुलेट तीनचाकी करणं त्यात बसत नाही.

बापूंसारख्यांसाठी क्रम असा ठेवा. आधी अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र. मग आरटीओत बदलाची परवानगी, मग किट, मग आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नोंद. लायसनसुद्धा अडॅप्टेड व्हेइकलचं वेगळं काढावं लागतं. जुनं मोटारसायकलचं लायसन खिशात आहे म्हणून भागत नाही. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. किट आधी बसवून कागद नंतर करू असं बरेच जण म्हणतात आणि मग अपघाताच्या दाव्यात अडकतात. आपल्याकडच्या आरटीओ कार्यालयांत हे अर्ज जातात. एजंटाशिवायही होतं, फक्त चकरा माराव्या लागतात.


पारोळ्याची_शिक्षिका:

+१. आणि बापूंच्या बाबतीत झटक्यानंतर मेंदूच्या डॉक्टरांचं मत घ्याच. काही जणांना झटक्यानंतर एका बाजूचं दिसणं कमी होतं आणि त्यांचं त्यांना ते जाणवत नाही. तीन चाकं तोल देतात, नजर देत नाहीत.


खान्देशी_मानूस (साक्री):

राम राम आबा. मना भाऊ बी आशीच गाडी चालाडस. पहिले तो बी घाबरे, हयूहयू जमी गयं. शेतमा जावानं काम त्याच गाडीवर. फक्त पावसाळामा गाडवाटवर नका जाऊ, काया मातीना चिखल मडगार्डमा भराई जास आणि चाक फिरतच नई.


तापीकाठ:

भाऊ, अगदी खरं. गाडवाटेवर दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा असतो. दुचाकी एका चाकोरीतून जाते. आपल्या गाडीचं पुढचं चाक एका चाकोरीत ठेवलं तर मागचं एक उंचवट्यावर चढतं. उंचवट्यावर ठेवलं तर मधलं चाक आपटतं. मी शेताच्या वाटेवर दोन ट्रॉली मुरूम टाकून घेतला, शेजारच्यांनीही वर्गणी दिली. पावसाळ्यात तेवढ्या पट्ट्यावरून जातो, त्यापुढे नाही.

मागे घेण्याचं राहिलं. या स्कूटरला रिव्हर्स नसतो आणि पायांनी ढकलून मागे घेणं आपल्याला जमत नाही. रिव्हर्सची सोय करून देणारे काही जण आहेत, खर्च जास्त. माझ्याकडे नाही. म्हणून गाडी लावतानाच तोंड बाहेर करून लावायची, उताराकडे तोंड करून कधी लावायची नाही. बाजारात गल्लीत शिरण्याआधी पलीकडे निघायला वाट आहे का बघायचं. आणि पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय उतरायचं नाही. साइड स्टँड नाही, गाडी उभी राहते म्हणून माणूस विसरतो, पण उतारावर ती चालू लागते.


माहेर_धुळे:

घाटाबद्दल कुणी लिहिलं नाही. कन्नडहून चाळीसगावकडे येणारा घाट मी एकदा उतरले आहे आणि पुन्हा जाणार नाही. गिअरलेस स्कूटरला इंजिनाचा ब्रेक फार थोडा लागतो, सगळं काम हाताच्या ब्रेकवर. त्यात जास्तीचं वजन, आणि प्रत्येक वळण एका अंगावर उतरतं. ब्रेक तापले की लिव्हर मऊ लागायला लागतो. लोकांनी रोजच्या कामाला ही गाडी भरपूर वापरावी, घाटाला नाही, एवढं मी म्हणेन.


सातपुडा_रायडर:

ताई, पटलं. तोरणमाळ बुलेटवरच, दोन चाकांवर. माझ्या काकांसाठी मात्र जोडचाकाची चौकशी चालू करतो, त्यांचा गुडघा पार गेलाय. आप्पा, तुम्हाला खासगी निरोप पाठवतो.


गिरणेचा_पोर:

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी नजर तपासली, ती ठीक आहे. डाव्या हाताची पकड कमी आहे, पण ब्रेक दाबण्याइतकी आहे म्हणाले. यूडीआयडीचा अर्ज भरला. आता आबा, शिकवायचं कसं? बापू म्हणतात, मी आयुष्यभर गाडी चालवली, मला काय शिकवता.


तापीकाठ:

बापूंना शिकवतोय असं म्हणूच नका. गाडीचं माप घ्यायचंय म्हणा, आणि तेही खोटं नाही.

जागा म्हणाल तर हंगाम नसताना कापसाच्या जिनिंग कारखान्याचं आवार सगळ्यात उत्तम. सपाट, फरशी किंवा डांबर, आत कुणी येत नाही. नाहीतर मार्केट यार्ड बंद असेल त्या दिवशी. सुरुवातीला रेस न वाढवता, पायी माणूस सोबत चालेल एवढ्याच वेगात मोठे गोल, आधी डावीकडून, मग उजवीकडून. त्यानंतर विटा ठेवून आठचा आकडा. आठ महत्त्वाचा, कारण त्यात दर फेरीला हात दोन्हीकडे फिरतो आणि जुनी ढकलायची सवय लगेच उघडी पडते. तुम्ही समोरून बघा: बापू वळताना आतलं हँडल ढकलताहेत की ओढताहेत. ढकलत असतील तर वेग वाढवायचाच नाही.

मग अचानक थांबणं. तुम्ही हात वर करायचा, त्यांनी सरळ रेषेत थांबायचं. दोन्ही पाय फूटबोर्डवर राहिले पाहिजेत. पाय सुटला की पुन्हा. शेवटी अचानक बाजूला होणं: तुम्ही डावी-उजवी दाखवायची आणि त्यांनी तिकडे सरकायचं. ही शेवटची गोष्ट हात न अडखळता जमेपर्यंत गावाबाहेरच्या रस्त्यावर न्यायचं नाही, मग त्याला किती का दिवस लागेनात.

सकाळी करा, उन्हात नाही. थकवा आला की हात पुन्हा जुन्या वळणावर जातात, त्यामुळे अर्धा तास पुरे. आणि या काळात बापूंना दुसरी कुठलीच दुचाकी, सायकलसुद्धा, चालवू देऊ नका. दोन सवयी एकत्र चालू ठेवल्या की हात गोंधळतो.


वेल्डिंगवाला_आप्पा:

भडगावहून अमळनेर लांब नाही. आरटीओची परवानगी आली की गाडी आणि बापू दोघांनाही घेऊन या, नुसती गाडी नको. त्यांना बसवूनच स्प्रिंगचं माप घेतो. नंतर इथल्याच आवारात आठ काढून बघू, उंची कमी-जास्त करायची असेल तर लगेच करता येईल.


गिरणेचा_पोर:

येतो आप्पा. काही सोबत आणायचं?


वेल्डिंगवाला_आप्पा:

परवानगीची झेरॉक्स, हेल्मेट, आणि बापूंच्या पायात मागून पट्टा असलेले सँडल. चप्पल घालून आणू नका. शेतात जाताना गाडीवर फवारणीचा पंप नेत असतील तर तोही भरून आणा, त्या वजनासकट माप घेऊ.